वॉर्डनची नजर

वेंडेल क्रूपाच्या डोळ्यांचा रंग कोणता, हे त्याच्या एकाही चाहत्याला सांगता आलं नसतं. ते घारे होते. आईनं त्यांचं कौतुक केलं होतं, दोन बायकांनी लग्नाआधी केलं होतं, आणि तो विषय तिथेच संपला होता. बाकी जगाला ठाऊक होता तो फक्त एक काळा गॉगल, आणि त्या गॉगलखाली जे काही नाकतोंड असेल ते.

बत्तीस वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या बरबँकला एक विज्ञानपट बनला होता. दूरच्या भविष्यातलं एक शहर, त्यावर काचेचा घुमट, आणि त्या शहरावर पहारा ठेवणारा अर्धा माणूस अर्धं यंत्र असा वॉर्डन. हा वॉर्डन अख्ख्या सिनेमात सात वाक्यं बोलतो, चौदा माणसं मारतो आणि एकदाही गॉगल काढत नाही. लांबलचक बोगद्यातून तो संथ पावलं टाकत येतो, मध्येच मान जरा उजवीकडे कलती करतो, काहीतरी ऐकतो आणि मग समोरच्याचा निकाल लावतो. सिनेमा थिएटरात आठवडाभरही टिकला नाही. पुढे कॅसेटच्या दुकानांनी त्याला जगवलं, रात्र रात्र जागणाऱ्या पोरांनी डोक्यावर घेतलं, आणि वेंडेलला उरलेल्या आयुष्याची नोकरी लागली. ती नोकरी म्हणजे वर्षातून आठ-दहा वेळा कुठल्या तरी हॉटेलच्या हॉलमध्ये टेबल मांडून बसणं, गॉगल घालणं आणि फोटोंवर सह्या करणं.

पॅसाडेनातल्या चाहत्यांच्या एका मेळाव्यात त्या दिवशीही तो असाच बसला होता. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, लांब काळा कोट पोटावर बटणं न लावता सोडलेला. गरम होत होतं म्हणून त्यानं क्षणभर गॉगल कपाळावर सरकवला, तर रांगेतली एक बाई म्हणाली, "अहो, वॉर्डन कुठे गेले? परत येणार आहेत का?"

"आलेच," वेंडेल म्हणाला, आणि गॉगल खाली ओढला.

दुपारी त्याचं व्याख्यान असायचं. व्याख्यान म्हणजे वीस मिनिटं बोलायचं आणि वीस मिनिटं प्रश्न घ्यायचे. सुरुवातीच्या काळात त्याला कुणी विचारलं, की वॉर्डन गॉगल का काढत नाही, तर तो सरळ सांगायचा, "त्यांनी दिला, मी घातला." मग एकदा दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसला असताना एका मासिकात त्यानं कुणा प्राध्यापकाचा लेख वाचला. लेख वॉर्डनच्या गॉगलवर होता. वाचून तो थक्क झाला, कारण आपण इतके खोल आहोत याची त्याला कल्पनाच नव्हती. त्यानं ते पान गुपचूप फाडून घेतलं आणि तेव्हापासून व्याख्यान देऊ लागला.

"भविष्यकाळ दाखवणारा कुठलाही सिनेमा पाहा," तो माईकपुढे म्हणायचा. "सूर्य विझलेला असतो. बारा महिने धूर, पाऊस नाहीतर रात्र. आणि तरी सगळ्यांच्या नाकावर गॉगल! का? कारण ऊन बाहेर नसतंच. लपवायचं असतं ते आत असतं. काळी काच म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यामधली भिंत. वॉर्डन तुम्हाला पाहतो, तुम्ही त्याला पाहू शकत नाही. सत्ता म्हणतात ती हीच."

इथे टाळ्या पडायच्या. मग चालीवर प्रश्न यायचाच, आणि वेंडेल आवाज खाली आणून सांगायचा, की ती चाल त्याला प्राणिसंग्रहालयात काळ्या बिबट्यापुढे चार दिवस उभं राहून सापडली. बिबट्या त्यानं एका मुलाखतीत, नेमकं काही सुचत नव्हतं म्हणून ठोकून दिला होता. एकदा ठोकल्यावर त्याला माघारी नेण्याची सोय राहिली नाही.

खरी हकिगत अशी, की वॉर्डन कुणालाच पाहत नव्हता. त्याला दिसतच नव्हतं.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी गॉगलच्या काचेत कॅमेरा दिसायला लागला. कॅमेऱ्यामागचा दिग्दर्शक दिसला, आणि एका शॉटमध्ये तर सँडविच खाणारा दिवेवाला स्वच्छ दिसला. वेशभूषा विभागातली सिरान कसाबियन नावाची बाई गॉगल घेऊन ग्लेंडेलला वडिलांच्या चष्म्याच्या दुकानात गेली आणि दोन्ही काचांवर काळ्या लाखेचे तीन हात मारून आली. दिग्दर्शक जाम खूश झाला. प्रकाश या काचांत जातो आणि परत येत नाही, असं काहीतरी तो म्हणाला. प्रकाश वेंडेलपर्यंतही येत नव्हता, पण त्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि पहिलीच मोठी भूमिका हातची जाईल या धास्तीनं वेंडेलनं सांगितलंही नाही. सिरानला मात्र तो भिंतीवर आपटल्यावर कळलं. मग ती कॅमेऱ्याच्या बाजूला, त्याच्या उजव्या हाताला अंधारात उभी राहायची आणि जिभेनं टकटक करायची. उभा असताना टक् म्हणजे निघ; चालताना एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे, तीनदा म्हणजे थांब. ते ऐकायला वेंडेल मान उजवीकडे कलती करायचा. पाऊल संथ पडायचं ते पडण्याच्या भीतीनं. शॉट मुके घेतलेले, आवाज सगळा मागून भरलेला, त्यामुळे टकटक कुणाच्या कानावर गेली नाही. आठ आठवडे असं चाललं, आणि त्यातून विज्ञानपटांच्या इतिहासातली सगळ्यात भेदक नजर तयार झाली.

त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर चौतीस-पस्तीसची एक बाई पुढे आली. नाव टॅमसिन ओकोरो. नाव ऐकून वेंडेल ताठ बसला, कारण ही दिग्दर्शिका होती आणि जुन्या कथेवर नवा सिनेमा करत होती, हे मेळाव्यात सगळ्यांच्या तोंडी होतं.

"मिस्टर क्रूपा," ती म्हणाली, "मी विद्यापीठात तुमच्या नजरेवर प्रबंध लिहिलाय. नव्वद पानं."

"माझ्या नजरेवर?" वेंडेल म्हणाला. "त्यात नव्वद पानं पुरली?"

ती हसली. मग एकदम गंभीर होऊन तिनं सांगितलं, की नव्या सिनेमात म्हाताऱ्या वॉर्डनचा एक प्रसंग आहे. मोठा नाही, पण सिनेमा त्याच्यावर उभा आहे. तो बोगद्यातून एकदाच चालत येतो, थांबतो, मान कलती करतो. बस. "पण चाल तीच हवी. नजर तीच हवी. निर्मात्यांना वाटतं वयामुळे तुम्हाला जमणार नाही, त्यांच्याकडे दुसरा नट तयार आहे. म्हणून गुरुवारी सकाळी एक चाचणी घेऊ. मला खात्री आहे, पण त्यांना दाखवायला हवं."

अकरा वर्षांत वेंडेलला सिनेमात काम मिळालं नव्हतं. शेवटचं मिळालं तेव्हा त्यानं गादीच्या जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या एका सिनेमात प्रेताचं काम केलं होतं आणि तेही बरं केलं असं तो स्वतःच्या तोंडानं सांगायचा. आता बोगदा, कोट आणि कॅमेरा पुन्हा समोर येत होते. तो कोटाच्या बटणांशी चाळा करू लागला.

टॅमसिननं एक डबी पुढे केली. "नवा गॉगल. बाहेरून हुबेहूब जुना, आणि आतून काच इतकी स्वच्छ, की तुम्हाला सगळं लख्ख दिसेल."

"वा," वेंडेल म्हणाला, आणि त्याचं तोंड कोरडं पडलं.

सोमवारी सकाळी त्यानं सरावाला सुरुवात केली. व्हॅन नाइसमधल्या त्याच्या इमारतीला बाहेरून एक लांब गॅलरी होती. गॉगल घालून तो एका टोकाला उभा राहिला. सगळं दिसत होतं. खालचा पोहण्याचा तलाव, त्यातली पानं, तीन नंबरवाल्यांची सायकल, पलीकडच्या कठड्यावर वाळत घातलेला टॉवेल. तो चालू लागला. दिसतंय म्हटल्यावर पाय आपोआप सायकलीला वळसा घालून गेले, टॉवेलपाशी खांदा चोरला गेला. खिडकीच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं. सार्वजनिक स्वच्छतागृह शोधणारा एक म्हातारा तिथून चालला होता.

शेजारच्या मिसेस बार्सेनास कपड्यांची टोपली घेऊन बाहेर आल्या. "काही हरवलंय का, मिस्टर क्रूपा?"

"माझी चाल."

"काल रात्री तर होती," त्या म्हणाल्या. "भिंतीपलीकडून थपथप ऐकू येत होती मला."

त्यानं डोळे मिटून चालून पाहिलं. चार पावलांवर मिसेस बार्सेनास यांची टोपली पायात आली आणि वेंडेल त्यांच्या ओल्या चादरींवर बसला. तेव्हा त्याच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. नुसतं आंधळं होऊन भागत नाही. आंधळ्या माणसाला पाऊल टाकायला बाजूला कुणीतरी लागतं, ज्याच्यावर भरवसा ठेवता येईल. ते कुणीतरी त्यानं बत्तीस वर्षांत एकदाही व्याख्यानात आणलं नव्हतं. बिबट्या मात्र दरवेळी आणला होता.

मंगळवारी तो ग्लेंडेलला गेला. सिरान आता त्याच दुकानात, वडिलांच्या जागी बसायची. सहासष्ट वर्षांची, केस पांढरे, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. एका आर्मेनियन आजोबांच्या नाकावर ती फ्रेम बसवून पाहत होती आणि आजोबा त्याबद्दल भांडत होते. वेंडेल आत आला तरी तिनं मान वर केली नाही.

"बस," ती म्हणाली. "पुढ्यात खुर्ची आहे. दिसतेय ना?"

आजोबा भांडण जिंकून गेल्यावर तिनं मागच्या खोलीतून दाट काळी कॉफी आणि बशीत गोड पावाचे तुकडे आणले. वेंडेलनं सगळी हकिगत सांगितली. प्रबंध, चाचणी, दुसरा नट, ओल्या चादरी. आपली फजिती तो नेहमीच रंगवून सांगायचा, म्हणजे दुसऱ्याला सांगायची गरज पडत नाही. सिरान हसली नाही.

"मग काय करू मी?"

"काचा काळ्या कर. आतून, म्हणजे कळणार नाही. आणि गुरुवारी चल माझ्याबरोबर."

"कोण म्हणून?"

"माझी... कपडे सांभाळणारी म्हणून."

सिराननं कप खाली ठेवला. "वेंडेल जान, तुझ्या त्या सिनेमाची पंचवीस वर्षांची खास आवृत्ती निघाली होती ना, त्यात तू पूर्ण सिनेमाभर मागून बोलत राहतोस, कुठला प्रसंग कसा केला ते सांगत?"

वेंडेलनं हातातला पावाचा तुकडा परत बशीत ठेवला.

"मी अख्खं घर बोलावलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही आत्या, भाऊ, भावजय, त्यांची पोरं. दोन दिवस राबून द्राक्षाच्या पानातला भात केला. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की बघा, आता बोगदा येईल, आता तो माझं नाव घेईल. आला बोगदा. आणि तू म्हणालास, काळा बिबट्या."

"सिरान..."

"माझी मोठी आत्या तेव्हा नव्वद वर्षांची होती. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, 'सिरान, मग तू त्या बिबट्याचे कपडे सांभाळत होतीस का?' अजून आमच्याकडे लग्नाकार्यात मला बिबट्या म्हणतात."

वेंडेलला हसू आलं, आणि पाठोपाठ आपण हसलो याची लाज वाटली. त्याला एकाहत्तर वर्षं झाली होती आणि अजून कुठे हसू नये हे कळत नव्हतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "मी सांगेन त्यांना. चाचणी झाली की लगेच सांगेन."

"आधी सांग."

"आधी सांगितलं तर काम जाईल. ती नव्वद पानं लिहून बसलीय गं. झाल्यावर, शपथेवर."

सिराननं कप बाजूला सरकवला. मग हात पुढे करून डबी मागितली, गॉगल बाहेर काढला आणि उजेडात धरला. "काय काय बघितलंय मी या धंद्यात," ती गॉगलशीच बोलल्यासारखं म्हणाली. "पोलीस असला की आरशाच्या काचा, म्हणजे समोरच्याला आपलंच भेदरलेलं तोंड दिसावं. बंडखोराला गोल काचा, त्यातली एक तडकलेली. जग वाचवायला आलेला शेवटी गॉगल काढतो, मग सगळे रडतात. आणि जो काढतच नाही, त्याच्या आत कुणी नसतं, असं लोकांनी समजायचं." तिनं लाखेची बाटली उघडली. "तुझ्या आत कुणी आहे का रे, वेंडेल?"

"असायचं पूर्वी," तो म्हणाला.

"येईन मी. तुला हाक मारायला कुणी नसलं तर कंबर मोडून घेशील, आणि ते मला बघवणार नाही."

गुरुवारी सन व्हॅलीतल्या एका जुन्या गोदामात बोगदा उभा केला होता. वेंडेलनं तो पाहिला आणि त्याला भरून आलं. तीच राखाडी भिंत, तेच पाइप, तीच जमिनीवरून जाणारी धुराची पट्टी. सेटवरची मंडळी त्याच्या नातवंडांच्या वयाची, पण प्रत्येक जण येऊन हात मिळवून गेला, आणि एका मुलीनं तर कोटाच्या बाहीला नुसता हात लावून पाहिला. वेंडेल हवेत तरंगायला लागला. सिरान त्याच्या मागे हातात ब्रश घेऊन उभी होती. तिची ओळख त्यानं "ही माझ्याबरोबर आहे" एवढ्या तीन शब्दांत उरकली.

गॉगल डोळ्यांवर चढला आणि जग मिटलं. तोच लाखेचा वास. कॅमेरा सुरू झाल्याची आरोळी झाली, आणि उजव्या बाजूनं अंधारातून आवाज आला. टक्.

वेंडेल चालू लागला. पाय जणू वाट पाहत होते. टक् टक्, जरा उजवीकडे. मान आपोआप कलली. कुणीतरी श्वास रोखल्याचं त्याला ऐकू आलं. एकाहत्तर वर्षांचे गुडघे, तो पोटावर न बसणारा कोट, दोन बायका, प्रेताचं काम, सगळं मागे राहिलं होतं. टक् टक् टक्. तो थांबला. गोदामात इतकी शांतता झाली, की छतावरचे कबुतराचे पाय ऐकू आले, आणि मग टाळ्या झाल्या.

"देवा," टॅमसिन म्हणत होती. "हेच. मी बारा वर्षांची असल्यापासून..." मग ती थांबली, कारण कुणीतरी तिच्याशी बोलत होतं.

"टकटक येतेय," ध्वनिमुद्रण करणारा म्हणाला. "पावलांच्या आवाजावर चढतेय. कुणीतरी जीभ वाजवतंय इथे."

"मला पावलांचा खरा आवाज हवाय," टॅमसिन म्हणाली. "मंडळी, ज्यांचं काम नाही त्यांनी कृपा करून बाहेर थांबा. एकदाच आणखी घेऊ, निर्मात्यांना पाठवायला. बाई, तुम्हीही, प्लीज."

बाई म्हणजे कोण, हे वेंडेलला न दिसताही कळलं.

बोलायची वेळ ती होती. तोंड उघडायचं आणि एक वाक्य म्हणायचं, ती जाणार नाही, तिच्याशिवाय मला दिसत नाही. वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. पण कानात अजून टाळ्या होत्या, आणि काळ्या काचेमागे माणसाला फार सुरक्षित वाटतं. त्यानं मूग गिळले. सिरानची पावलं त्याच्याजवळून गेली, क्षणभर थांबली, आणि मग दाराकडे गेली. दार लागल्याचा आवाज झाला.

"तयार, सर?"

"तयार," वॉर्डन म्हणाला.

उसनं अवसान आणून तो निघाला. पहिली पाच पावलं आठवणीवर गेली. सहाव्याला त्यानं मान कलती केली आणि ऐकलं, तर ऐकण्यासारखं काहीच नव्हतं. तो बरोबर दिशेला आहे असं त्याला मनापासून वाटत होतं. बोगद्याच्या भिंतीत दिव्यांसाठी सोडलेल्या फटीतून तो सरळ बाहेर गेला, पलीकडच्या खाण्याच्या टेबलाला मांडीनं धडकला, आणि कॉफीची टाकी, फळांच्या फोडी आणि चार डझन डोनट यांच्यासकट जमिनीवर आला.

धावाधाव झाली. कुणी त्याला उठवून बसवलं. टॅमसिन गुडघ्यांवर बसली होती, तिनं त्याच्या नाकावरून गॉगल हळूच काढला, साखर पुसली, आणि सवयीनं काचेतून पाहिलं. मग परत पाहिलं. मग दिव्याकडे धरून पाहिलं.

"यातून काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

"नाही," वेंडेल म्हणाला. त्याच्या घाऱ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि गरम कॉफी अंगावर सांडली होती हे त्याचं अर्धंच कारण होतं. "तेव्हाही दिसत नव्हतं. एकाही शॉटमध्ये नाही. तुम्ही आत्ता ज्या बाईंना बाहेर पाठवलंत, त्या मला चालवायच्या. मान कलती व्हायची ती त्यांचं ऐकायला. मी नुसता कोट होतो. तुमची नव्वद पानं त्यांच्यावर आहेत, टॅमसिन, माझं फक्त नाव चुकून पडलंय."

टॅमसिननं गॉगल खाली ठेवला. ती रागावेल, अशी वेंडेलची तयारी होती. पण ती जमिनीवर डोनटांच्या मधोमध मांडी घालून बसली.

"आणि बिबट्या?"

"तो मी कधी पाहिलाही नाही. मला कुत्र्यांचीही भीती वाटते."

सिरानला आत बोलावलं गेलं. बाहेर ती कुणाच्या तरी गाडीच्या बंपरवर बसून रस्त्याकडे पाहत होती. आत येऊन तिनं टेबलाची दशा पाहिली, मग वेंडेलला आधी पायांपासून डोक्यापर्यंत तपासलं.

"हाड?"

"शाबूत आहे."

"तू बोलायला हवं होतंस, तुझ्याजवळ थांबले होते मी. तुला वेळ दिला होता."

"हो," वेंडेल म्हणाला.

टॅमसिन उठली. "बाई, तुम्ही नेमकं काय करत होतात? मला दाखवाल का?"

सिराननं विचार केला. "सांगून कळणार नाही. गॉगल द्या इकडे. चालते मी. पण वाट यानं दाखवायची." तिनं वेंडेलकडे पाहिलं. "खुणा आठवतात ना?"

ती बोगद्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पाच फूट उंची, दुकानात घालायचा लोकरी कोट, सपाट चपला, साखळीला लटकणारा चष्मा, आणि त्यावर तो काळा गॉगल. कुणाला तरी हसू आलं. वेंडेल कॅमेऱ्याच्या बाजूला, तिच्या उजव्या हाताला उभा राहिला. त्यानं जीभ टाळूला लावली आणि आवाज केला.

ती निघाली. हसणारं माणूस गप्प झालं.

तिला बत्तीस वर्षांपूर्वीचं प्रत्येक पाऊल पाठ होतं, कारण ते तिनंच टाकून घेतलं होतं. फरक इतकाच, की वेंडेल घाबरून हळू चालायचा आणि ती तशी चालत नव्हती. तो टक् म्हणाला, ती वळली. तिनं मान कलती केली आणि त्याचं ऐकलं, आणि वेंडेलच्या अंगावर काटा आला, कारण इतक्या लक्षपूर्वक त्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. कॅमेरामन पुढे झुकलेला त्याला दिसला. टॅमसिन कॅमेरामनच्या कानाशी लागून पुटपुटली, "चालू आहे ना? बंद करू नकोस." वेंडेलला कळलं, की काम गेलं, सिरानकडे. दुसऱ्या नटाकडे गेलं असतं तर त्यानं मनातल्या मनात शिव्या दिल्या असत्या. हे त्याच्या डोळ्यांसमोर, त्याच्याच जिभेच्या तालावर, एकेक पाऊल टाकत जात होतं. एक खूण चुकवली असती, तर ती पाइपाला अडखळली असती आणि सगळे हसले असते. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं म्हणणं खोटं होईल. तो आला, आणि वेंडेलला स्वतःची शिसारी आली.

तेवढ्यात त्याला कॅमेऱ्याची तिवई दिसली. सिरान सरळ तिच्यावर येत होती. जमिनीवरच्या केबलपासून दोन पावलं, तिवईपासून तीन. तीनदा टक्. त्यानं जीभ उचलली. तोंड खडखडीत कोरडं पडलं होतं, जीभ टाळूला चिकटली, आवाज येईना. ती चालत होती. तिला काही दिसत नव्हतं आणि तिला जराही भीती नव्हती, कारण तो तिथे होता.

"सिरान! थांब!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "थांब, थांब, पडशील!"

सगळं गोदाम दचकलं. ती एक पाय उचललेला तसाच धरून उभी राहिली, मग तो जपून खाली टेकवला, केबलच्या अलीकडे. वेंडेल धापा टाकत होता. आपण इतका वेळ श्वास घेतलाच नव्हता हे त्याला आत्ता कळत होतं.

मागे टॅमसिन कॅमेरा पुन्हा लावायला सांगत होती. सिराननं गॉगल काढला नाही. "आठ आठवडे, वेंडेल," ती म्हणाली. "एकदाही ओरडले नाही मी."

"भीती नाही वाटायची तुला?"

"रोज," ती म्हणाली. "आता पाणी पी. ते परत घेतायत."